ग्रामीण अमेरिकेतील मनोपचार आणि नर्स प्रॅक्टिशनर
अमेरिकेतील निम्म्याहून अधिक काउंट्यांमध्ये, म्हणजे भारतातील जिल्ह्याशी ढोबळमानाने तुलना करता येईल अशा प्रशासकीय विभागांमध्ये, एकही मनोविकारतज्ज्ञ नाही. त्यामुळे गावाकडच्या रुग्णाची औषधोपचाराची गरज अनेकदा मानसिक आरोग्यातील नर्स प्रॅक्टिशनर भागवतात. नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे परिचर्येची पदवी व परवाना मिळवल्यानंतर पदव्युत्तर शिक्षण घेऊन रोगनिदान करण्याचा आणि औषधे लिहून देण्याचा अधिकार प्राप्त केलेली परिचारिका किंवा परिचारक. मनोविकारांची विशेष परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांच्या नावापुढे सहसा ‘पीएमएचएनपी’ ही अक्षरे असतात. डॉक्टरची दुय्यम प्रत म्हणून त्यांच्याकडे पाहणे चूक आहे, कारण रुग्णाची झोप, भूक, घर आणि रोजगार यांचा एकत्र विचार करण्याची परिचर्येची शिस्त त्यांच्या उपचारात मुरलेली असते.

या पदाचा उगम १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात झाला. तेथे परिचारिका लोरेटा फोर्ड आणि बालरोगतज्ज्ञ हेन्री सिल्व्हर यांनी मुलांच्या आरोग्यासाठी पहिला अभ्यासक्रम सुरू केला, आणि त्यामागे डॉक्टरांची वानवा असलेल्या ग्रामीण भागात सार्वजनिक आरोग्याचे काम करताना फोर्ड यांना आलेला अनुभव होता. पुढे १९७७ च्या ग्रामीण आरोग्य चिकित्सालयविषयक कायद्याने अशा केंद्रांतील नर्स प्रॅक्टिशनरच्या सेवेचा मोबदला सरकारी विम्यातून मिळण्याची सोय केली.

मात्र शिक्षण सारखे असले तरी अधिकार सगळीकडे सारखे नाहीत. निम्म्याहून अधिक राज्यांत, उदाहरणार्थ कोलोरॅडो आणि मोंटाना येथे, अनुभवी नर्स प्रॅक्टिशनर स्वतंत्रपणे दवाखाना चालवू शकतात. टेक्साससारख्या राज्यात मात्र औषधे लिहून देण्यासाठी डॉक्टरशी लेखी करार करावा लागतो. जेथे डॉक्टरच नाहीत तेथे डॉक्टरच्या कराराची अट घालणे म्हणजे ज्यांना सेवेची सर्वाधिक गरज आहे त्यांच्याच वाटेत अडसर उभा करणे होय, आणि या अटीचे समर्थन करणाऱ्या डॉक्टर संघटनांचा रुग्णसुरक्षेचा युक्तिवाद अशा गावांपुरता तरी पटण्याजोगा नाही.

अशा नर्स प्रॅक्टिशनरच्या शोधाची सुरुवात जवळच्या सरकारी अनुदानित आरोग्य केंद्रापासून करणे श्रेयस्कर ठरते, कारण तेथे उत्पन्नानुसार शुल्क आकारले जाते आणि पैसे नाहीत म्हणून रुग्णाला परत पाठवता येत नाही. परवाना खरा आहे की नाही हे ‘नर्सिस’ या राष्ट्रीय नोंदसूचीत विनामूल्य पडताळता येते. दूरचित्र-सल्ल्याने अंतराचा प्रश्न पुष्कळ सुटला असला, तरी रुग्ण ज्या राज्यात बसलेला असतो त्या राज्यात उपचार करण्याची परवानगी सर्वसाधारणपणे आवश्यक असते, आणि व्यसन जडवू शकणाऱ्या नियंत्रित औषधांवर २००८ च्या रायन हेट कायद्यापासून अधिक कडक नियम लागू आहेत, जे कोविडच्या साथीत सैल करण्यात आले. पहिल्या भेटीपूर्वीच आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी: संबंधित व्यक्ती केवळ औषधांचा आढावा घेते की मानसोपचाराची संभाषणाधारित सत्रेही घेते, कारण अनेक ठिकाणी ही दोन कामे वेगवेगळ्या व्यक्तींकडे असतात, आणि हे उशिरा कळले तर लांबचा प्रवास व्यर्थ जातो.

भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मानसिक आरोग्य परिचारिकेला कायदेशीर ओळख दिली असली, तरी स्वतंत्रपणे मनोविकारांची औषधे लिहून देण्याचा अधिकार तिला नाही. महाराष्ट्रातील खेड्यात राहणाऱ्या कुटुंबाला तातडीने बोलायचे असल्यास ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही विनामूल्य सेवा चोवीस तास उपलब्ध आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते.