कोणत्या जंतूला कोणते औषध?

मावळातील सुदुंबरे हे गाव संत संताजी जगनाडे महाराजांच्या समाधीमुळे प्रसिद्ध आहे. तेथून दक्षिणेस देहूवरून पुढे गेले, की पिंपरी लागते. या पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी त्यास साहाय्य केले आणि १९५५ मध्ये तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले.

पेनिसिलीन काम कसे करते, ते प्रथम पाहू. जीवाणूभोवती एक भक्कम भित्तिका असते. तिच्या बांधणीत पेनिसिलीन अडथळा आणते. भित्तिका कच्ची राहते आणि जीवाणू फुटून मरतो. आपल्या पेशींना अशी भित्तिका नसते, म्हणून त्या सुरक्षित राहतात. विषाणूंनाही ती नसते. साधे सर्दीपडसे विषाणूंमुळे होते. त्यावर पेनिसिलीनचा काहीच उपयोग होत नाही.

उपयोग नसेल, पण अपाय तरी काय? थोडे गणित करा. काही जीवाणू अनुकूल स्थितीत २० मिनिटांत दुप्पट होतात. म्हणजे ८ तासांत ते २४ वेळा दुप्पट होतील आणि एकाचे १ कोटी ६७ लाखांहून अधिक होतील! एवढ्या संख्येत एखाद्याच्या जनुकांत असा बदल घडू शकतो, की औषध त्याला मारू शकत नाही. औषध दिल्यावर बाकीचे मरतात. हा एकटा उरतो आणि मोकळ्या जागेत वाढतो. यालाच प्रतिरोध म्हणतात. पेनिसिलीनचे संशोधक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी अपुऱ्या मात्रेच्या या धोक्याचा इशारा १९४५ साली नोबेल व्याख्यानातच दिला होता.

रुग्णालयात हा प्रश्न फार बिकट होतो. समजा, एखाद्याच्या रक्तात जंतू पसरले आहेत. रक्ताचा नमुना घेऊन प्रयोगशाळेत जंतू वाढवायचे, कोणत्या औषधाने ते मरतात हे तपासायचे, यास साधारणपणे दोन-तीन दिवस लागतात. रुग्ण तेवढा थांबू शकत नाही. पहिले औषध डॉक्टरांना अंदाजानेच द्यावे लागते. ते फार मर्यादित निवडले, तर आजचा रुग्ण दगावेल. प्रत्येकाला सर्वांत जालीम औषध दिले, तर ते उद्याच्या रुग्णाला लागू पडणार नाही.

हा पेच सोडवण्यास मार्गदर्शक सूचना मदत करतात. रुग्णालयाची प्रयोगशाळा वर्षभरातील तपासण्यांचा तक्ता करते. आपल्याकडे कोणते जंतू आढळतात आणि कोणत्या औषधाला किती दाद देतात, हे त्यावरून कळते. मग अंदाज हा नुसता अंदाज राहत नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने अशा सूचना २०१७ मध्ये काढल्या व २०१९ मध्ये सुधारल्या. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१७ साली प्रतिजैविकांचे तीन गट पाडले: नेहमी वापरायची, जपून वापरायची आणि राखीव. अमॉक्सिसिलीन पहिल्या गटात, तर कॉलिस्टिन राखीव गटात येते.

चांगल्या सूचनांचा क्रम साधा असतो. शक्यतो पहिल्या मात्रेपूर्वी नमुना घ्यावा. ४८ ते ७२ तासांनी अहवाल व रुग्ण यांचा पुन्हा विचार करावा. जमल्यास त्या जंतूपुरतेच मर्यादित औषध द्यावे. गरज नसल्यास बंद करावे. सूचना म्हणजे डॉक्टरांच्या हातातील बेडी नव्हे. रुग्णाला एखाद्या औषधाची ॲलर्जी असेल, तर त्यांना वेगळा मार्ग घ्यावाच लागतो; त्याचे कारण मात्र नोंदवावे.

विद्यार्थी मित्रांनो, घरातील औषधांच्या पाकिटांवर उभी तांबडी रेघ शोधा. अशी औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नयेत, हे लोकांना कळावे म्हणून २०१६ मध्ये सरकारने या रेघेची मोहीम सुरू केली. उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देऊ नका, पुढच्या तापासाठी ठेवू नका. पोटदुखीवरचे औषध चुकले, तर बाधते ते घेणाऱ्यालाच. प्रतिजैविक चुकले, तर प्रतिरोधी जंतू सगळ्या गावात फिरतात.