उडती टॅक्सी उतरणार कुठे?

आम्ही विमानतळांविषयी बोलायला जिथे जिथे जातो, तिथे हल्ली एक प्रश्न हमखास येतो: 'आपल्या शहरात हवाई टॅक्सी कधी सुरू होणार?' चित्रफिती सगळ्यांनी पाहिलेल्या असतात. खाली गाड्यांची रांग, वरून विजेवर चालणारं एक छोटं यान सरळ वर उठतं आणि सात मिनिटांत पलीकडे. त्यावर आम्ही उलटा प्रश्न विचारतो, तोच आजचा विषय आहे. ते यान उतरणार कुठे? आणि ते तिथे उतरावं म्हणून आजूबाजूच्या लोकांना काय सोडावं लागेल?

हा प्रश्न समजून घ्यायला आधी नेहमीचा विमानतळ नीट बघू. मुंबईचाच घेऊ.

दोन धावपट्ट्या, पण एका वेळी एकच

मुंबई विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. त्या एकमेकींना छेदतात, म्हणजे नकाशावर फुलीसारख्या दिसतात, हे मात्र लक्षात येत नाही. त्यामुळे दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत. व्यवहारात मुंबईचा भार एका धावपट्टीवर आहे. त्या धावपट्टीवर गर्दीच्या तासात सुमारे ४६ विमानं उतरतात किंवा उडतात. ३६०० सेकंदांना ४६ ने भागा. दर ७८ सेकंदांना एक विमान! तेवढ्या वेळात एकाने उतरायचं, वेग कमी करून बाजूच्या रस्त्याला लागायचं आणि दुसऱ्याला पट्टी मोकळी करून द्यायची. शिवाय मोठ्या विमानामागे हवेत भोवरे राहतात, ते शांत होईपर्यंत मागच्याने अंतर ठेवायचं. लंडनजवळच्या गॅटविकला एकाच धावपट्टीवर तासाला ५५ पर्यंत मजल जाते. पण त्याच्या पुढे फार जागा उरत नाही.

आता लक्षात घ्या, आकाशात गर्दी झाली म्हणून विमानं थांबत नाहीत. ती थांबतात जमिनीवरच्या तीन-साडेतीन किलोमीटरच्या पट्टीसाठी. टर्मिनल कितीही भव्य बांधा, ही पट्टी जेवढं सोडेल तेवढंच पुढे जातं. म्हणून नवी मुंबईचा विमानतळ आखताना दोन समांतर धावपट्ट्या धरल्या, त्यांच्यामध्ये सुमारे दीड किलोमीटर अंतर ठेवलं. एवढं अंतर असलं की दोन्ही एकाच वेळी वापरता येतात. त्यासाठी ११६० हेक्टर जमीन लागली, उलवे टेकडी कापावी लागली, उलवे नदीचा प्रवाह वळवावा लागला आणि दहा गावांना उठावं लागलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालं, डिसेंबरात प्रवासी उड्डाणं सुरू झाली, तीही एका धावपट्टीवर.

कुंपणाबाहेरचा विमानतळ

विमानतळ कुंपणापाशी संपतो असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. विमान उतरतं ते तिरक्या रेषेत, आणि त्या रेषेखाली काही आड येऊ नये यासाठी आंतरराष्ट्रीय नियम आहेत. मोठ्या धावपट्टीच्या टोकापासून बाहेर जाताना उंचीची मर्यादा दर ५० मीटरला १ मीटर अशी वाढते. म्हणजे टोकापासून एक किलोमीटरवर साधारण २० मीटर, जेमतेम सहा मजले. बाजूंनाही मर्यादा आहे. सुमारे चार किलोमीटरच्या पट्ट्यात विमानतळाच्या पातळीपासून ४५ मीटर.

मुंबईकरांना हे 'फनेल झोन' या नावाने माहीत आहे. विलेपार्ले, सांताक्रूझ, कुर्ला, घाटकोपर इथल्या जुन्या इमारतींच्या सोसायट्यांना विचारा. इमारत पन्नास वर्षांची, गच्ची गळते, जिने खचलेत. पण पुनर्विकास करायचा तर बिल्डरला वरचे मजले विकून खर्च काढायचा असतो आणि वरचे मजले चढवायला परवानगी नाही. विमानात कधी पाय न ठेवलेल्या माणसाच्या घराचा प्रश्न असा विमानतळाशी जोडलेला असतो. नियम चुकीचा आहे असं आम्ही म्हणत नाही. तो सुरक्षेसाठी आवश्यकच आहे. पण त्याची किंमत कोण मोजतं, हे लक्षात ठेवा. पुढे ते कामाला येणार आहे.

छोट्या यानाची मोठी जागा

आता हवाई टॅक्सीकडे वळू. ज्या ठिकाणी ती उतरते त्याला व्हर्टिपोर्ट म्हणतात. 'धावपट्टी नको, गच्ची पुरे' असं सांगितलं जातं. हिशोब करू.

यानाच्या पंखांचा पसारा १५ मीटर धरा. अमेरिकेच्या विमान नियामकाने २०२२ साली व्हर्टिपोर्टच्या रचनेविषयी मार्गदर्शन काढलं. त्यानुसार उतरण्याच्या जागेभोवतीचं सुरक्षित क्षेत्र यानाच्या मापाच्या तिप्पट हवं. म्हणजे ४५ मीटर बाय ४५ मीटर, जवळपास अर्धा एकर. हे फक्त एका यानाला उतरायला. चार्जिंगला उभं राहायची जागा, प्रवाशांची तपासणी, अग्निशमन हे सगळं वेगळं.

आणि फनेल? तोही आहेच, फक्त जास्त उभा. इथे चढ आठास एक आहे. व्हर्टिपोर्ट जमिनीवर असेल आणि येण्याच्या दिशेला २०० मीटरचा टॉवर असेल, तर तो किमान १६०० मीटर लांब हवा. लोअर परळसारख्या भागात अशी मोकळी दिशा शोधून दाखवा! आज तिथे टॉवर नसेल, तर उद्या तिथे बांधायचा कोणाचा हक्क थांबवणार?

बरं, एवढं करून माणसं किती जातील? एका उतरण-जागेवर दर तीन मिनिटांना एक हालचाल धरू. तासाला वीस. त्यातली निम्मी उड्डाणं, प्रत्येकात चार प्रवासी, म्हणजे तासाला चाळीस माणसं बाहेर गेली. गर्दीच्या वेळची बारा डब्यांची एक लोकल चार हजारांच्या वर माणसं नेते, आणि ती काही मिनिटांनी येते. तेव्हा रस्त्यावरची कोंडी हवाई टॅक्सीने सुटेल, हे म्हणणं आकड्यांत बसत नाही.

बॅटरीचीही अडचण आहे. एक किलो विमान-इंधनात जवळपास १२,००० वॅट-तास ऊर्जा असते, आजच्या चांगल्या लिथियम बॅटरीत २५० ते ३०० च्या आसपास. विजेची मोटर जास्त कार्यक्षम असते, त्यामुळे थोडी भरपाई होते, पण फरक फार मोठा आहे. पावसाळ्यात मुंबईवर विमानं घिरट्या घालत थांबतात हे आपण ऐकतो. बॅटरीवरच्या यानाला तशी चैन परवडत नाही. ते निघण्याआधीच त्याची उतरण्याची जागा पक्की हवी, आणि ती बंद पडली तर जवळच दुसरी राखीव हवी. ज्याला हवेत थांबता येत नाही, त्याच्यासाठी जमिनीवर जास्त जागा अडवून ठेवावी लागते.

आधी झालेले प्रयोग

हे स्वप्न नवं नाही. न्यूयॉर्कमध्ये पॅन अॅम इमारतीच्या गच्चीवरून विमानतळापर्यंत हेलिकॉप्टर सेवा १९६५ मध्ये सुरू झाली, १९६८ मध्ये थांबली आणि १९७७ मध्ये पुन्हा सुरू झाली. १६ मे १९७७ ला गच्चीवर उभ्या हेलिकॉप्टरची चाकांची जोडणी मोडली, ते कलंडलं आणि फिरत्या पात्यांनी पाच जण मेले. त्यातली एक व्यक्ती खाली रस्त्यावरून चालत होती. सेवा कायमची बंद झाली. अलीकडचं बघा. व्होलोकॉप्टर कंपनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये प्रवासी नेणार होती, पण प्रमाणपत्र वेळेत मिळालं नाही. त्या वर्षाच्या अखेरीस तिने आणि लिलियम या दुसऱ्या जर्मन कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

म्हणजे हे सगळं सोडून द्यायचं का? नाही. जुहूचा विमानतळ १९२८ पासून आहे. समुद्रातल्या तेलविहिरींवर जाणारी हेलिकॉप्टरं आजही तिथून उडतात. त्याचा फनेल आखलेला आहे, बंधनं आधीच लागलेली आहेत. नवं यान आणायचं तर अशा जागेपासून सुरुवात करावी. रुग्ण, अवयव, पूरग्रस्त यांच्यासाठी तासाला चाळीसची क्षमताही मोलाची आहे. विमानतळावर रोज जाणाऱ्या हजारोंसाठी मात्र रूळच हवेत. भुयारी मेट्रो आता कफ परेडपासून थेट मुंबई विमानतळाखाली जाते. नवी मुंबईलाही तशीच जोड लवकर मिळायला हवी.

आमचं म्हणणं एवढंच की तुमच्या भागात व्हर्टिपोर्टचा प्रस्ताव आला, तर यानाचा वेग नंतर विचारा. आधी नकाशा मागा. फनेल कोणाच्या छपरांवरून जातो, त्या घरांची उंची किती वर्षं गोठणार आणि त्यांना त्याबद्दल काय मिळणार, हे त्या नकाशावर लिहून द्यायला सांगा. पार्ले-कुर्ल्याच्या सोसायट्यांना हे विचारायची संधी मिळाली नव्हती. पुढच्यांना ती मिळू शकते.

आता तुमचे प्रश्न घेऊ.