लुलेओची ऊब

स्वीडनच्या उत्तरेला, बोथ्नियाच्या आखाताकाठी लुलेओ नावाचं बंदर आहे. हिवाळ्यात इथला समुद्र गोठतो आणि पारा कधीकधी उणे 20 च्याही खाली उतरतो. अशा थंडीत शहराला ऊब मिळते ती मुख्यतः एसएसएबीच्या पोलाद कारखान्यातून निघणाऱ्या वायूंमुळे. 1982 पासून लुलेक्राफ्ट हे वीजकेंद्र ते वायू जाळतं, त्यातून वीज बनवतं आणि उरलेल्या उष्णतेवर तापवलेलं पाणी जमिनीखालच्या नळांतून घराघरांत जातं.

कारखान्यात लोखंड बनवणाऱ्या झोतभट्टीत वरून लोहखनिज आणि कोक, म्हणजे भाजलेला कोळसा, पडतो, खालून धगधगीत हवा घुसते. कोकपासून तयार झालेला कार्बन मोनॉक्साइड खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो, पण तो सगळाच खर्ची पडत नाही. उरलेला हवेतल्या नायट्रोजनसह भट्टीच्या माथ्यातून बाहेर येतो. एक टन लोखंडामागे असा साधारण दीड हजार घनमीटर वायू निघतो. त्यातला निम्मा भाग नुसता नायट्रोजन असल्यामुळे त्याची आच नैसर्गिक वायूच्या जेमतेम दहाव्या हिश्शाची असते आणि ज्योतही धड टिकत नाही. म्हणून कोकभट्ट्यांतला हायड्रोजनयुक्त, जोमदार वायू त्याच्या जोडीला घ्यावा लागतो. त्याआधी धूळ बसवायची, पाण्याच्या फवाऱ्याने वायू धुवायचा. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. गळती झालेली नाकाला कळतच नाही. इथले कामगार अंगावर वायूमापक लावूनच वावरतात.

एके काळी हा वायू भट्टीच्या तोंडाशीच जळून जाई. 1857 मध्ये एडवर्ड काउपर यांनी विटांच्या उंच शेगड्यांचं पेटंट घेतलं. वायू जाळून विटा तापवायच्या आणि त्याच विटांवरून भट्टीची हवा न्यायची, ही त्यांची युक्ती आजही चालू आहे. जर्मनीत डुइसबुर्गला या वायूवर वीजकेंद्रं चालतात. फ्रान्समधल्या डंकर्कला पोलाद कारखान्याच्या गरम हवेतली उष्णता गावाच्या नळांत उतरवली आहे. आपल्याकडे घरं तापवायची गरज नाही; रायगडातल्या डोळवीच्या कारखान्यात झोतभट्टीचा वायू विजेसाठी वापरतात.

मात्र या उबेला स्वच्छ म्हणता येणार नाही. ती कोळशाचीच आहे. जाळलेला कार्बन मोनॉक्साइड शेवटी कार्बन डायऑक्साइड होऊनच आकाशात जातो. एप्रिल 2024 मध्ये एसएसएबीने लुलेओची झोतभट्टी बंद करून तिथे विजेच्या भट्ट्या उभारायचं जाहीर केलं. त्यामुळे स्वीडनचं कार्बन उत्सर्जन 7 टक्क्यांनी घटेल, असा कंपनीचा हिशेब आहे. भट्टी गेली की वायूही जाणार आणि शहराला उष्णतेची दुसरी सोय करावी लागणार. खर्च मोठा आहे, तरी निर्णय योग्यच आहे; स्वस्त उबेसाठी कोळशाची भट्टी धगधगत ठेवणं परवडणारं नाही.

भारतात मात्र झोतभट्ट्या वाढताहेत आणि एकदा पेटवलेली भट्टी अनेक वर्षं चालते. तेव्हा नव्या भट्टीला परवानगी देतानाच, तिच्या वायूचा एक घनमीटरही वाया जाणार नाही याचा आराखडा सरकारने मागावा आणि तो लोकांसमोर ठेवावा.