काचेखालून पुन्हा हातात

डरेल बिशप या डिझायनरने १९९२ साली, लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये असताना, टेलिफोनवरचे निरोप साठवणाऱ्या यंत्राचा एक वेगळा आराखडा मांडला. निरोप आला की यंत्रातून एक गोटी घरंगळत बाहेर येते. किती निरोप आलेत हे गोट्यांकडे नुसती नजर टाकली तरी कळते. गोटी उचलून एका खळग्यात ठेवली की निरोप ऐकू येतो. तीच फोनवर ठेवली की निरोप ठेवणाऱ्याला परत फोन लागतो. निरोप घरातल्या दुसऱ्या कुणासाठी असेल, तर ती गोटी त्याच्यासाठी बाजूला काढून ठेवायची, झाले. माहिती वस्तूत ठेवायची आणि वस्तू हलवणे हीच संगणकाला दिलेली आज्ञा मानायची, हा यामागचा विचार. एमआयटी मीडिया लॅबमधल्या हिरोशी इशी आणि ब्रिग उल्मर यांनी १९९७ साली ‘टँजिबल बिट्स’ या शोधनिबंधात त्याला पक्की बैठक दिली. जग मात्र उलट दिशेला गेले. बटणे, खटके, फिरवायच्या चकत्या एकेक करून नाहीशा झाल्या आणि त्यांच्या जागी गुळगुळीत काच आली. टचस्क्रीनवर स्पर्श होतो खरा, पण बँकेचे खाते असो की नातवाचा फोटो, बोटाला सगळे सारखेच लागते. एकट्याने करायच्या कामांत त्याने फारसे बिघडत नाही. जिथे अनेकांनी मिळून विचार करायचा असतो, तिथे मात्र ही काच आड येते आणि हातात धरता येणाऱ्या वस्तू कामाला येतात, असे माझे म्हणणे आहे.

हात विचाराला कशी मदत करतो, याचा एक पुरावा चक्क व्हिडिओ गेममधून आला. डेव्हिड कर्श आणि पॉल मॅग्लिओ यांनी टेट्रिस खेळणाऱ्यांचे निरीक्षण करून १९९४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. वरून येणारा तुकडा कुठे बसेल हे ठरवण्यासाठी खेळाडू तो मनात फिरवत बसत नाहीत. पडद्यावरच फिरवून बघतात, कारण ते जास्त झटपट होते. वरवर फुकट वाटणाऱ्या या हालचालींनी डोक्यावरचा भार हलका होतो. टेट्रिस पडद्यावरच खेळतात, मग वस्तू कशाला, असे कोणी विचारील. तिथे खेळाडू एकटा असतो, म्हणून ते निभते. सहा जण एका पडद्यासमोर बसले, तर माउस एकाच्याच हाती राहतो आणि बाकीचे पाच बघत बसतात.

जॉन अंडरकॉफ्लर आणि इशी यांनी १९९९ साली नगररचनाकारांसाठी ‘अर्प’ नावाचे टेबल सादर केले, ते या दृष्टीने बघण्यासारखे आहे. टेबलावर इमारतींच्या छोट्या प्रतिकृती ठेवायच्या. वरचा कॅमेरा त्यांची जागा टिपतो आणि प्रोजेक्टर त्यांच्या पायथ्याशी सावली उमटवतो. ठरवलेल्या वेळेला सूर्य जिथे असेल, त्यानुसार ती पडते. घड्याळाचे काटे फिरवले की सकाळची लांबलचक सावली दुपारकडे आखडत जाते. एक कांडी इमारतीला टेकवली की तिच्या भिंती काचेच्या होतात आणि त्यांवरून परतलेले ऊन रस्त्यात कुठे डोळ्यांवर येईल, ते टेबलावर उजळते. इमारतींमधून वारा कसा वळेल, तेही दिसते. एकाने इमारत सरकवली, तर समोरचा हात पुढे करून ती परत जागेवर ठेवू शकतो, आणि कोणी काय हलवले हे कोणापासून लपत नाही.

हॅम्बर्गमध्ये २०१६ साली या तंत्राची खरी परीक्षा झाली. निर्वासितांच्या घरांसाठी शहरात जागा शोधायच्या होत्या आणि वातावरण तापलेले होते. तिथल्या हाफेनसिटी विद्यापीठाने एमआयटी मीडिया लॅबच्या साहाय्याने नागरिकांनाच टेबलाभोवती बसवले. भूखंडावर लेगोची वीट ठेवायची आणि त्या जागेबद्दलची माहिती, तिथल्या अडचणी समोर बघायच्या. लोकांनी १६१ जागा सुचवल्या, त्यांतल्या ४४ प्रशासनाच्या छाननीत टिकल्या. सगळे श्रेय विटांना देता येणार नाही, कारण शंकांना उत्तरे द्यायला जाणकार शेजारी होते. पण ‘इथे नको’ म्हणणाऱ्याला ‘मग कुठे?’ याचे उत्तर स्वतःच्या हाताने ठेवून दाखवावे लागत होते, हे मला फार मोलाचे वाटते.

आता आक्षेप. वस्तूंमुळे माणूस जास्त शिकतो, हे काही सिद्ध झालेले नाही. मायकेल हॉर्न आणि सहकाऱ्यांनी २००९ साली बोस्टनच्या म्युझियम ऑफ सायन्समधली तुलना प्रसिद्ध केली. यंत्रमानवाला आज्ञा द्यायच्या होत्या, कधी लाकडी ठोकळे जोडून, कधी माउसने. समजायला दोन्ही रीती सारख्याच सोप्या निघाल्या. ठोकळ्यांकडे मात्र लोक जास्त वळले आणि त्यांवर मिळून काम करणेही अधिक चांगले जमले. तेव्हा ‘मेंदू तल्लख करणारी’ म्हणून महागडी खेळणी विकणाऱ्यांनी या संशोधनाचा आधार घेऊ नये. माझा मुद्दा एकत्र येण्याचा आहे आणि त्याला ते बळ देते. दुसरा आक्षेप असा, की पडद्यावर चूक मागे घेता येते, हव्या तितक्या प्रती निघतात. हजार गोट्या ठेवायच्या कुठे? हे मान्यच केले पाहिजे. हिशेब, पत्रव्यवहार, दप्तर ही कामे पडद्यानेच करावीत. खर्चाची अडचण मात्र पूर्वीइतकी राहिलेली नाही. बार्सिलोनात ‘रिॲक्टेबल’ हे वाद्य घडवणाऱ्या संशोधकांनी त्यातली वस्तू ओळखणारी प्रणाली सर्वांना मोफत खुली केली. कागदावर छापलेली खूण वस्तूच्या बुडाला चिकटवली की ती कॅमेऱ्याला ओळखता येते.

महाराष्ट्रात १९६६च्या नगररचना कायद्यानुसार शहराचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध होतो आणि नागरिकांकडून हरकती-सूचना मागवल्या जातात. समोर असतो रंगीत नकाशा. शेजारी टॉवर उठला तर आपल्या चाळीच्या अंगणात हिवाळ्यात ऊन किती वेळ राहील, हे त्या नकाशावरून भल्याभल्यांना सांगता येणार नाही. प्रभाग कार्यालयात असे एक टेबल असावे आणि सुनावणी त्याच्याभोवती व्हावी. मात्र प्रतिकृती हातात आली की तिची सावली खरीच, असे वाटू लागते. म्हणून इमारतींची उंची, मजले, सामासिक अंतरे कुठून घेतली आणि कोणी तपासली, हेही टेबलाशेजारी लावलेले असले पाहिजे आणि त्यावरही हरकत घेता आली पाहिजे.