पहिली जानेवारी, १९३८

बरीच वर्षे एक तारीख माझ्या डोक्यात घर करून बसली आहे: १ जानेवारी १९३८. कुठल्या लढ्यामुळे, तहामुळे किंवा थोर माणसाच्या जन्मामुळे नव्हे. मुंबई इलाख्याच्या एका कायद्यातल्या कलमात ती लिहिलेली आहे. त्या दिवसाआधी सलग सहा वर्षे जमीन स्वतः कसली असेल, तर तुम्ही 'संरक्षित कूळ'. पाच वर्षे अकरा महिने कसली असेल, तर तुमचे नशीब तुमच्यापाशी.

हा कायदा सबंध इलाख्याला एकदम लागू झाला नाही. एप्रिल १९४१ मध्ये तो आधी सुरत, ठाणे, पश्चिम खानदेश आणि धारवाड या जिल्ह्यांत आला. धारवाडहून गोव्याच्या वाटेला लागले की तळ्याकाठी येते ते केलगेरी. पुढे ते हुबळी-धारवाड महापालिकेत गेले. तेव्हा ते शेतीचे गाव होते आणि त्याचे सरकार मुंबईत बसत असे. नवे सरकार सुधारणा करायला निघते तेव्हा काय होते, हे पाहायचे तर असल्याच गावापासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे.

पार्श्वभूमी सर्वांना ठाऊक आहे, म्हणून भरभर सांगतो. १९३७ ची निवडणूक, विधानसभेच्या १७५ जागांपैकी काँग्रेसला ८६, मंत्रिपदे घ्यावीत की नाहीत यावरचा घोळ, मध्यंतरी धनजीशा कूपर यांचे औटघटकेचे मंत्रिमंडळ, नेतेपदावरून नरिमन आणि सरदार पटेल यांच्यातले महाभारत. अखेर १९ जुलै १९३७ ला बाळासाहेब खेरांनी काँग्रेस मंत्रिमंडळाचे प्रमुख म्हणून शपथ घेतली. मंत्र्यांना पगार पाचशे रुपये. त्यावरही विधानसभेत वाद झाला आणि डॉ. आंबेडकरांनी त्या विधेयकावर टीका केली. खेर सज्जन होते, याबद्दल विरोधकांचेही दुमत नसावे. पण सज्जनपणावर खजिना भरत नाही, आणि इथे अण्णासाहेब लठ्ठे येतात.

लठ्ठ्यांवर मराठीत जेवढे लिहिले जायला हवे होते तेवढे लिहिले गेलेले नाही. कुरुंदवाडचे जैन कुटुंब, सत्यशोधक चळवळ, ब्राह्मणेतर राजकारण, कोल्हापूरची दिवाणगिरी, शाहू छत्रपतींचे इंग्रजी चरित्र, आणि मग बेळगावकडून काँग्रेसच्या तिकिटावर विधानसभा. अशा माणसाच्या हाती अर्थखाते आले आणि सोबत पक्षाने दिलेले दारूबंदीचे वचन. अबकारी हे इलाख्याचे मोठे उत्पन्न. जमेतला साधारण चौथा हिस्सा त्यातून येई. म्हणजे आपल्याच खजिन्याला भोक पाडायचे आणि वर शाळा, दवाखाने, विहिरीही द्यायच्या. लठ्ठ्यांनी शहरी घरमालकांवर दहा टक्क्यांचा स्थावर मालमत्ता कर बसवला. मुंबईत एकच ओरड झाली. पारशी समाजाला दुहेरी झळ लागली, कारण दारूचा धंदाही त्यांचा आणि घरे व ट्रस्टही त्यांचे. प्रकरण हायकोर्टात गेले आणि कर टिकला. १ ऑगस्ट १९३९ ला मुंबई शहरात दारूबंदी सुरू झाली. तीन महिन्यांनी सरकारच राहिले नाही.

माझा आक्षेप दारूबंदीला नाही. सरकारने आपली सगळी पुण्याई कुठे खर्ची घातली, याला आहे. ज्यांना मत होते, घर होते, वकील होता, त्यांच्याशी ते छातीठोकपणे भांडले. कुळांची पाळी आली तेव्हा मात्र पाय जड झाले. याला कारण होते. त्या निवडणुकीत सरसकट मताधिकार नव्हता. सारा, मालमत्ता, शिक्षण असल्या अटी होत्या. तोंडी करारावर वाट्याने शेत कसणारा बहुधा मतदार यादीत नसे. ज्याचे शेत तो असे, आणि पुष्कळदा खादीही घाली.

विरोधी बाकांवरून हे बोलले जात होते. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या आमदारांत बळवंतराव वराळे होते. १९२९ साली बाबासाहेबांच्या पुढाकाराने धारवाडात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह निघाले, त्याचे ते अधीक्षक. पुढे त्यांनी 'डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा सांगाती' हे आठवणींचे पुस्तक लिहिले. लठ्ठे सत्ताधारी बाकांवर, वराळे समोर. दोघेही बेळगाव भागातून निवडून आलेले. ब्राह्मणेतर चळवळीतून आलेला अर्थमंत्री आणि वसतिगृह चालवणारा दलित आमदार एका सभागृहात समोरासमोर बसतात, या योगायोगावर कुणी नाटक लिहिले असते तर बरे झाले असते.

१७ सप्टेंबर १९३७ ला आंबेडकरांनी खोती, म्हणजे कोकणातली खोतांची जमीनदारी, रद्द करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ ला शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर गेला. सरकारने विधेयक काही पुढे नेले नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. मोर्चाच्याच साली, १९३८ मध्ये, औद्योगिक तंट्यांचा कायदा आणून सरकारने संपावर बंधने घातली, आणि ७ नोव्हेंबरला मजूर पक्ष व कम्युनिस्ट यांनी मिळून मुंबईत संप केला. गृहखाते मुन्शींकडे. गोळीबार झाला. कालपर्यंत लाठ्या खाणाऱ्यांच्या अमलात लोकांवर गोळ्या सुटल्या, आणि खेर मंत्रिमंडळाच्या अंगाला चिकटलेला हा डाग सहजासहजी निघाला नाही.

सगळेच काळे नव्हते. कायदेभंगात साराबंदीमुळे जप्त झालेल्या जमिनी या सरकारने मूळ मालकांना परत मिळवून दिल्या. त्यात बार्डोलीबरोबर कारवारकडची अंकोला-सिद्दापूरची कुटुंबेही होती. हे काम चोख झाले. कारण उघड आहे: घेणारा आपला, देणाऱ्याचा राग परवडणारा.

आता कूळकायदा. महसूलमंत्री मोरारजी देसाई. १९३९ चा अठ्ठाविसावा कायदा शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा, एकोणतिसावा कुळांचा. खंडाशिवाय इतर हक्क, वेठ, बिगारी बंद. वाजवी खंड ठरवायला मामलेदाराकडे अर्ज. नवा करार दहा वर्षांच्या आत संपवता येणार नाही. आणि ती संरक्षित कुळाची तारीख. मालकाला 'स्वतः कसायची' म्हणून जमीन परत मागण्याची वाट ठेवली होतीच.

संरक्षित कुळाचे कलम नीट वाचावे. सहा वर्षे कसल्याचे सिद्ध कुणी करायचे? कुळाने. कशावरून? करार तोंडी, खंडाची पावती नाही, आणि पीकपाहणीत नाव कुणाचे लागले ते तलाठ्याला ठाऊक. दर दोन वर्षांनी शेत बदलून देणाऱ्या मालकाला हे कलम लागतच नव्हते. शिवाय विधेयकाची चर्चा महिनोन्‌महिने चालली, म्हणजे ज्याला कूळ हुसकायचे त्याला पुरेशी पूर्वसूचना. चोराला आधी सांगून मग कुलूप आणायला जावे, तसे.

नोव्हेंबर १९३९ च्या सुरुवातीला युद्धाच्या प्रश्नावर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. अवघे सत्तावीस महिने. धारवाडात कायदा आला तेव्हा गव्हर्नर रॉजर लम्ली यांचा अंमल होता आणि तो विधानसभेत आणणारे मोरारजी वैयक्तिक सत्याग्रहात तुरुंगात होते. स्वकीयांनी केलेला कायदा परक्यांच्या कलेक्टरने राबवायचा, तोही युद्धाच्या महागाईत, धान्याचे भाव चढत असताना. जमीन हातची सुटू नये असे प्रत्येक मालकाला तेव्हाच सर्वाधिक वाटत होते.

१९४६ मध्ये खेर पुन्हा आले. त्या एप्रिलमध्ये कायदा सबंध इलाख्याला लागू झाला आणि वर्षअखेरीच्या दुरुस्तीत एक छोटा बदल झाला, जो मला या साऱ्या प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. ८ नोव्हेंबर १९४७ पासून कूळ संरक्षित धरले जाईल. मालकाला ते मान्य नसेल तर त्याने त्याआधी मामलेदाराकडे जाऊन तसे ठरवून घ्यावे. पुराव्याचे ओझे एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेले. जास्त पैसा लागला नाही, नवा कर लागला नाही. हेच १९३९ मध्ये करता आले असते.

तरीही हुसकणे थांबले नाही. गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या वि. म. दांडेकर आणि खुदानपूर यांनी १९४८ च्या नव्या कूळकायद्याची पाहणी करून १९५७ मध्ये अहवाल काढला. कुळांनी 'राजीखुशीने' जमिनी सोडल्याच्या नोंदींचा पसारा त्यात दिसतो. राजीखुशी कसली असते, हे गावात राहिलेल्या कुणालाही सांगावे लागत नाही.

अहवाल निघेपर्यंत धारवाड म्हैसूर राज्यात गेले होते. पुढची गोष्ट तिथले मुख्यमंत्री देवराज अर्स यांची: भूसुधारणा कायद्यातली १ मार्च १९७४ पासूनची दुरुस्ती, भू-न्यायाधिकरणे, आणि कुळाने भरायचा 'फॉर्म नंबर ७', ज्याची मुदत वाढत वाढत ३० जून १९७९ पर्यंत गेली. अर्स यांनी न्यायाधिकरणांवर बिगरसरकारी माणसे बसवली आणि दिवाणी कोर्टाची वाट बंद केली. खेरांकडे नव्हते ते त्यांच्याकडे होते: कूळ मतदार झाले होते. २०२० मध्ये कर्नाटकाने याच कायद्यातली बिगरशेतकऱ्याने शेतजमीन घेण्यावरची बंधने काढून टाकली. शहराला लागून असलेल्या केलगेरीसारख्या गावांना त्याचा अर्थ वेगळा समजावून द्यायला नको.

खेर मंत्रिमंडळाबद्दल माझा निकाल असा: ते खोटे नव्हते, भित्रे होते, आणि तेही नेमके तिथे, जिथे समोरचा माणूस आपल्याच पंगतीला बसत होता.

शेवटी एक विनंती. धारवाड, बेळगाव, ठाणे, धुळे, नंदुरबार या भागांतल्या वाचकांच्या घरी १९४१ ते १९४७ मधले जुने उतारे, खंडाच्या पावत्या, मामलेदार कचेरीच्या नोटिसा असतील. मालकाच्या घरातल्या असोत की कुळाच्या. त्या रद्दीत घालू नका. जवळच्या विद्यापीठाच्या इतिहास विभागाला निदान त्यांची छायाप्रत तरी द्या.