कुत्र्यावरील गोचिडांचा बंदोबस्त

मळ्यात अगर वस्तीवर राहणाऱ्या कुटुंबास कुत्र्याचा मोठा आधार असतो. रात्रीची राखण, रानडुकरांपासून उभ्या पिकाचे रक्षण, मेंढरांच्या वाड्यावरील पहारा ही कामे तो इमानाने करतो. असा कुत्रा एकाएकी मलूल होतो, भाकरीला तोंड लावीत नाही आणि थोड्याच दिवसांत दगावतो. ऊन बाधले अगर कोणी विष घातले, असा तर्क केला जातो. परंतु अशा वेळी गोचिडाच्या दंशातून होणाऱ्या तापाचा संशय प्रथम घेतला पाहिजे.

गोचीड राहतो कोठे?

आपल्याकडे कुत्र्यांवर मुख्यत्वे तपकिरी रंगाचा गोचीड आढळतो. अंड्यांतून सहा पायांची बारीक पिले निघतात. पुढे त्यांना आठ पाय येतात व शेवटी ती प्रौढ होतात. या तिन्ही अवस्थांत गोचीड एकेकदा पोटभर रक्त पितो आणि प्रत्येक वेळी कुत्र्याच्या अंगावरून खाली उतरतो. गाई-बैलांवर सर्रास दिसणारी गोचिडाची एक जात आपली सर्व वाढ एकाच जनावराच्या अंगावर पुरी करते. कुत्र्यावरील गोचिडाचे तसे नसते. तो भिंतीच्या भेगांत, फरशीच्या सांध्यांत, ओसरीच्या वळचणीला व कुत्र्याच्या गोणपाटाखाली दडून राहतो. रक्ताने टम्म फुगलेली एक मादी अशाच जागी हजारो अंडी घालते. प्रौढ गोचीड अन्नावाचून कित्येक महिने जगू शकतो. यास्तव केवळ अंगावरचे गोचीड वेचून काम भागत नाही. जागेचा बंदोबस्त तितकाच आवश्यक आहे.

गोचीड काढण्याची रीत

कानांच्या आत व मागे, मानेवर, काखेत, जांघेत आणि बोटांच्या बेचक्यांत रोज हात फिरवून पाहावे. गोचीड जितक्या लवकर निघेल, तितका रोगाचा धोका कमी होतो. बारीक टोकाच्या चिमट्याने त्यास कातडीलगत, तोंडाजवळ धरावे व हिसका न देता, न पिळता, सरळ वर ओढावे. तोंडाचा बारीक अंश आत राहिल्यास सुईने उकरू नये. तो बहुधा आपोआप बाहेर पडतो. जागा सुजल्यास मात्र पशुवैद्यास दाखवावी.

रॉकेल अगर तेल चोळणे, विडीचा चटका देणे हे उपाय टाळावेत. त्यांनी गोचीड चिडतो, रोगजंतूंसह लाळ जखमेत सोडण्याचा संभव वाढतो आणि कुत्र्यास इजा होते. काढलेला गोचीड बोटांनी चिरडू नये. स्पिरिटमध्ये बुडवून मारावा. गोचिडापासून माणसासही ताप येऊ शकतो. म्हणून शक्यतो हातमोजे घालावेत व नंतर हात साबणाने धुवावेत.

औषधांविषयी सावधगिरी

पिकावर फवारण्याचे कीटकनाशक कुत्र्याच्या अंगास कदापि लावू नये. कुत्रा अंग चाटतो व विष पोटात जाते. एके काळी घरोघर वापरली जाणारी बीएचसी भुकटी १९९७ सालापासून देशात बंद आहे. जुना साठा कोठे सापडला तरी वापरू नये. कुत्र्याच्या वजनाप्रमाणे व वयाप्रमाणे योग्य औषध पशुवैद्यकीय दवाखान्यातून घ्यावे. कुत्र्यासाठीच्या काही औषधांत परमेथ्रिन असते. ते मांजरास प्राणघातक ठरते, हे घरात मांजर असणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

जागेची स्वच्छता

भिंतींच्या भेगा माती, चुना अगर सिमेंटने बुजवाव्यात. कुत्र्याचे अंथरूण दर आठवड्यास उकळत्या पाण्यात धुवावे. जुने गोणपाट जाळून टाकावे. ओसरी व कोपरे झाडून निघालेला केरही जाळावा. अंड्यांतून नवी पिले निघतच असतात, म्हणून हा क्रम एकदा करून न थांबता निदान दोन-तीन महिने चालू ठेवावा.

तीन आठवडे लक्ष ठेवा

दंशानंतर रोगाची चिन्हे बहुधा एक ते तीन आठवड्यांत दिसू लागतात. ताप, अन्नावरील वासना उडणे, हिरड्या फिकट अगर पिवळट होणे, लघवी तांबडी वा काळपट होणे, नाकातून रक्त येणे, यांपैकी कोणतेही चिन्ह दिसताच कुत्र्यास दवाखान्यात न्यावे व अंगावर गोचीड होते, हे आवर्जून सांगावे. रक्ताच्या तपासणीने रोगाचे निदान होते. हे ताप निरनिराळ्या जंतूंमुळे येतात व त्यांची औषधेही निरनिराळी आहेत. म्हणून आपल्या मनाने गोळ्या देऊ नयेत. वेळीच उपचार झाल्यास बहुतेक कुत्री बरी होतात. उशीर झाल्यास मात्र रक्त इतके कमी होते की औषधाचाही उपयोग होत नाही.

रोज पाच मिनिटांची तपासणी आणि स्वच्छ ओसरी, एवढ्या अल्प श्रमात वस्तीचा राखणदार वाचू शकतो.