मंदीच्या लाटांवर युद्धनौकांची किट

सप्टेंबर २००८मध्ये लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी वित्तसंस्था कोसळली आणि जगभरच्या ग्राहकांनी खर्चाला कात्री लावली. घर, मोटार, परदेशवारी असे सारेच बेत लांबणीवर पडले. त्याच वर्षी जपानच्या हासेगावा कंपनीने ‘अकागी’ या दुसऱ्या महायुद्धातील विमानवाहू जहाजाचे १:३५० प्रमाणातील नवे किट बाजारात आणले. जुळणी पूर्ण झाल्यावर सुमारे ७५ सेंटिमीटर लांबीचे होणारे हे किट सामान्य खिशाला जडच होते. पुढे २०११मध्ये तामिया कंपनीने ‘यामातो’ या महाकाय युद्धनौकेचे संपूर्णपणे नव्या साच्यातील किट त्याच प्रमाणात सादर केले. मंदीत हौसेवरचा खर्च सर्वांत आधी थांबतो, असा सर्वसाधारण समज आहे. मग या कंपन्यांनी एवढे धाडस कोणाच्या भरवशावर केले?

साच्याचे अर्थकारण

या व्यवसायाचे सारे गणित साच्यावर अवलंबून असते. पेणच्या मूर्तिकारांना हे वेगळे सांगावे लागणार नाही. एकदा चांगला साचा हाती आला की त्यातून कितीही मूर्ती काढता येतात. किटमधील प्लास्टिक स्वस्त असते. महाग असतो तो पोलादी साचा. त्यासाठी जुने आराखडे आणि छायाचित्रे तपासावी लागतात, प्रत्येक तोफेचे व शिडीचे रेखांकन करावे लागते. हा खर्च पहिला डबा विकला जाण्यापूर्वीच होऊन गेलेला असतो.

यातून दोन गोष्टी घडतात. साच्याचा निर्णय बराच आधी झालेला असल्याने मंदीच्या वर्षात बाजारात येणारे किट हे पुष्कळदा तेजीच्या काळातील निर्णयाचे फळ असते. त्यामुळे केवळ ‘अकागी’च्या आगमनावरून मागणीचा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. दुसरे म्हणजे, गुंतवणूक वसूल करण्यासाठी कंपन्या एकाच वर्गातील भगिनी नौकांचा आधार घेतात. ‘ताकाओ’ वर्गातील एका क्रूझरचा साचा तयार झाला की थोडे भाग बदलून ‘आतागो’, ‘माया’ आणि ‘चोकाई’ याही नौका विकता येतात. एकुलत्या एका नौकेच्या वाट्याला नवे किट उशिरा येते, त्याचे एक कारण हे आहे.

शिझुओकाचा धडा

जपानमधील हा उद्योग मुख्यतः शिझुओका शहरात एकवटला आहे. लाकूडकामाच्या जुन्या परंपरेमुळे तेथे लाकडी खेळणी व प्रतिकृती बनू लागल्या आणि पुढे प्लास्टिक आले. मूळच्या लाकूड व्यवसायातील तामियाने १९६०मध्ये पहिले प्लास्टिक किट काढले, तेही ‘यामातो’चेच. मात्र प्रतिस्पर्धी कंपनीने याच नौकेचे किट स्वस्तात विकल्याने तामियाला तोटा सोसावा लागला.

एकाच नौकेवर सर्वांनी तुटून पडण्यातला धोका या शहराने ओळखला. १९७१मध्ये तामिया, हासेगावा, आओशिमा आणि फुजिमी या चार स्थानिक कंपन्यांनी एकत्र येऊन ‘वॉटर लाइन सीरिज’ सुरू केली. प्रमाण १:७०० ठरले, नौका आपसांत वाटून घेण्यात आल्या आणि पाण्याखालचा भाग वगळून नौका थेट मेजावर ‘तरंगत’ ठेवण्याची सोय झाली. किंमत आटोक्यात राहिली, जागाही कमी लागली. १९९२मध्ये फुजिमी बाहेर पडली, तेव्हा जपानचा आर्थिक फुगा नुकताच फुटला होता. तरीही उरलेल्या तिघींनी फुजिमीच्या वाट्याच्या नौकांसाठी नवे साचे तयार केले. मालिका अपुरी राहिली असती, तर संग्राहकांचा तिच्यावरचा विश्वास उडाला असता.

ग्राहक कोण?

महागड्या नव्या किटचा आधार शाळकरी मुले नाहीत. लहानपणी १:७०० प्रमाणातील नौका जोडलेली पिढी आता प्रौढ आहे. तिच्या हाती पैसा आणि नजरेत चिकित्सा आहे. तामियाची जुनी ‘यामातो’ १९७८पासून उपलब्ध होती. परंतु १९४५मध्ये बुडालेल्या मूळ नौकेचे अवशेष १९८५मध्ये निश्चित झाले आणि पुढील पाहणीतून तिच्या रचनेविषयी नवी माहिती मिळाली. कुरे येथे २००५मध्ये सुरू झालेल्या संग्रहालयातील २६.३ मीटर लांबीच्या प्रतिकृतीने कुतूहल आणखी वाढवले. जुन्या किटमधील उणिवा खटकू लागलेला ग्राहक तीच नौका पुन्हा विकत घेतो. २०११च्या ‘यामातो’चे मर्म येथे आहे.

दुसरा हिशेब वेळेचा. एक मोठे किट कित्येक महिने पुरते. सहलीच्या खर्चाशी तुलना केली तर तासागणिक पडणारी किंमत फारशी राहत नाही. एप्रिल २०१३मध्ये आलेल्या ‘कांताई कलेक्शन’ या ऑनलाइन खेळाने युद्धनौकांना मुलींचे रूप दिले आणि तरुणांची नवी रांग दुकानांत लागली.

येनचे चटके

परदेशी ग्राहकाला मंदीइतकाच चलनाचा फटका बसतो. २००७च्या मध्यास डॉलरला १२० येनहून अधिक भाव होता. ऑक्टोबर २०११मध्ये तो ७६च्या आसपास आला. जपानमधील किंमत न बदलताही अमेरिकेत किट महागले. या काळात चीनची ट्रम्पेटर कंपनी भक्कम झाली आणि पुढील दशकात तिने १:२०० प्रमाणातील ‘बिस्मार्क’ आणली. तिची लांबी सव्वा मीटर. २०२४मध्ये डॉलर १६० येनपर्यंत गेला, तेव्हा पारडे पुन्हा जपानी मालाकडे झुकले.

सारेच तरत नाहीत

मागणी असूनही कंपन्या बुडतात. ब्रिटनच्या एअरफिक्सची मालक हम्ब्रोल २००६मध्ये दिवाळखोरीत गेली. तिचा माल बनवणारी फ्रान्सची हेलर कंपनी अडचणीत आल्याने पुरवठाच तुटला होता. हॉर्नबीने एअरफिक्स विकत घेतली आणि पुढे तिच्या अनेक डब्यांवर ‘मेड इन इंडिया’ अशी अक्षरे दिसू लागली. जर्मनीच्या रेव्हेलची अमेरिकी मालक हॉबिको २०१८मध्ये दिवाळखोरीत निघाली. रेव्हेलला नवा मालक मिळाला. करोनाकाळात घरात अडकलेल्या ग्राहकांमुळे हॉर्नबी बऱ्याच वर्षांनी नफ्यात आली, पण तो नफा टिकला नाही.

दोन्ही वेळा कंपनी कोसळली, तरी साचे नव्या मालकाकडे सुखरूप पोहोचले, हे विशेष. जुना साचा मंदीतही कमी खर्चात माल देत राहतो. खरी कसोटी नव्या साच्याची असते. तो घडवायचा तर चिकित्सक ग्राहकांची पुढची पिढीही तयार व्हावी लागेल. आजचा शाळकरी मुलगा १:७००ची स्वस्त नौका जोडायला बसला, तरच वीस वर्षांनी महागड्या ‘यामातो’ला गिऱ्हाईक मिळेल.